आपोआप पडणारा गिअर व उघडण्याची घाई

यंत्राची शेती आता वऱ्हाडास नवीन राहिलेली नाही. जेथे पूर्वी बैलांची दावण होती तेथे ट्रॅक्टर उभा असतो. जेथे दमणी सुटत असे तेथे मोटार उभी असते. परंतु यंत्र घरात आले म्हणून यंत्राची पारखही घरात आली, असे मात्र झालेले नाही. बैल लंगडू लागला तर आमच्या वडिलांच्या पिढीतील कोणीही कास्तकार प्रथम त्याचा खूर उचलून काटा रुतला आहे काय हे पाही, मग सांधा दाबून पाही, आणि डाग देण्याची गोष्ट अगदी शेवटी निघे. त्याच कास्तकाराचा मुलगा आज ट्रॅक्टरचा गिअर अडू लागताच, आत तेल किती आहे हेही न पाहता, मिस्त्रीच्या एका शब्दावर गिअरबॉक्स उघडण्यास संमती देतो. ह्या घाईने किती रुपये आणि रुपयांहून महाग असे किती वाफशाचे दिवस वाया जातात, ह्याचा विचार व्हावा एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, येथे आम्ही ज्या यंत्रांविषयी लिहीत आहोत ती जुन्या चालीची नव्हेत. जुन्या ट्रॅक्टरात पायाने क्लच दाबावयाचा, हाताने दांडा ओढावयाचा. आणि गिअर पडला नाही तर दोष पायदान, दांडा, क्लचप्लेट व दातेरी चाके ह्या चार जागांपैकीच कोठेतरी असावयाचा. नव्या यंत्रात हे काम माणसाकडून काढून तेल, वीज व संगणक ह्या तिघांकडे सोपविले आहे. ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक नावाचा स्वयंचलित गिअरबॉक्स मोटारींत बसवून विकावयास काढला. फोर्डने १९५९ मध्ये सिलेक्ट-ओ-स्पीड नावाचा, क्लच न दाबता दहा गती देणारा गिअरबॉक्स ट्रॅक्टरास बसविला. त्याच्या आरंभीच्या पेट्यांनी असा त्रास दिला की, कारखान्यास त्यांत फेरबदल करावे लागले. जर्मनीतील फेंट कंपनीने १९९५ मध्ये पायऱ्याच नसलेला, अखंड गती देणारा व्हारिओ हा प्रकार पुढे आणला. आपल्या देशात मध्यम किमतीच्या मोटारींत आपोआप पडणारा गिअर खऱ्या अर्थाने शिरला तो २०१४ पासून, म्हणजे मारुतीची सेलेरिओ एएमटी गिअरसह निघाली तेव्हापासून. ट्रॅक्टरांतही क्लच न दाबता पुढे-मागे जाण्याचा दांडा, ज्यास पॉवर शटल म्हणतात तो, मोठ्या शक्तीच्या यंत्रांत मिळू लागला आहे. सुख मोठे आहे, ह्यात शंका नाही. पण ह्या सुखाबरोबर आलेला रोग ओळखण्याची विद्या आपण अद्याप घेतलेली नाही.

आमच्याच वावरात घडलेली गोष्ट सांगतो. आमचा ट्रॅक्टर अशाच शटल दांड्याचा. रोहिणीत वखरपाळी चालू असता तो दुपारनंतर अडू लागला. धुऱ्यावर वळवून दांडा पुढे टाकला की यंत्र क्षणभर जागीच उभे राही आणि मग धक्का देऊन निघे. सकाळी ही तक्रार नसे. ऊन चढले व यंत्र तापले की सुरू होई. ज्या कारखान्यात आम्ही तो नेला तेथील मिस्त्रीने दांडा दोनदा हलविला आणि ‘पुढच्या प्लेटा जळाल्या, उघडावा लागेल’ असा निकाल दिला. ट्रॅक्टर मधोमध उकलला गेला. नव्या प्लेटा, नवी सीले व नवे तेल पडले, आणि एका चांगल्या बैलाची किंमत होईल एवढे बिल हाती आले. मधल्या नऊ दिवसांत मृगाचा पाऊस पडून वाफसा आला व गेला. शेजाऱ्यांची पेरणी उरकली, आमचे वावर तसेच राहिले. ट्रॅक्टर परत आल्यावर दोन दिवस उत्तम चालला. तिसऱ्या दिवशी ट्रॉलीने खत टाकून झाल्यावर दुपारी पुन्हा तोच धक्का.

सुदैवाने जुन्या प्लेटा आम्ही पोत्यात घालून परत आणल्या होत्या. दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीने त्या हातात घेतल्या, अंगठ्याने पुसल्या आणि सांगितले की, ह्या जळालेल्या नाहीत; ह्यांवरच्या खाचाही शाबूत आहेत. मग त्याने आम्हांस एकच प्रश्न विचारला: मागे जाताना काय होते? आम्ही आठवून सांगितले की, मागे जातानाही तोच उशीर व तोच धक्का होतो. तो म्हणाला, ‘तर मग पुढच्या प्लेटांचा काय अपराध?’ त्याने खालची गाळणी काढली. ती काळ्या गाळाने बुजली होती. आमच्या ट्रॅक्टरात गिअरचे, उचल-यंत्राचे व ट्रॉलीच्या जॅकचे तेल एकच आहे. ती ट्रॉली तीन घरांत मिळून वापरली जाते. प्रत्येक ट्रॅक्टरचे तेल जॅकमधून दुसऱ्याच्या पोटात जाते, आणि सोडलेल्या पाइपाचे तोंड वावराच्या मातीत लोळते. नवे तेल भरताना गाळणी धुतली गेली, म्हणून दोन दिवस यंत्र चालले. ट्रॉली जोडताच गाळ पुन्हा आत आला. गुण आला तो तेलाचा व गाळणीचा. किंमत मोजली ती प्लेटांची.

ह्या गोष्टीत पहिल्या मिस्त्रीने मागे जाण्याविषयी विचारले नाही हा त्याचा दोष होय. परंतु आम्हीही ते आपण होऊन सांगितले नाही, हा आमचा दोष त्याहून लहान नाही. यंत्रावर दिवसभर आमचा माणूस बसतो. मिस्त्री पाच मिनिटे बसतो. लक्षणे आमच्याजवळ असतात व अवजारे त्याच्याजवळ. ही दोन एकत्र आल्याखेरीज निदान होत नाही, आणि निदानावाचून केलेली दुरुस्ती म्हणजे जुगार होय.

आता रोग कळावयाचा तर अंग कळले पाहिजे. ह्या गिअरबॉक्सांचे आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिल्यात तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांच्या चवडी असतात. एंजिनाने फिरणारा पंप तेलास दाब देतो. विजेने उघडझाप होणाऱ्या लहान झडपा, ज्यांस मिस्त्री सोलेनॉइड म्हणतात, ते तेल हव्या त्या चवडीकडे सोडतात. दाबाने प्लेटा एकमेकींस घट्ट धरतात व गिअर पडतो. ट्रॅक्टरचे पॉवर शटल ह्याच तत्त्वावर चालते. मोठ्या स्वयंचलित मोटारींत ह्याशिवाय एंजिन व गिअर ह्यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसेच येथे वाऱ्याऐवजी तेलाने होते. दुसरा प्रकार एएमटीचा. ह्यात गिअरबॉक्स व क्लचप्लेट जुन्या चालीचीच असते. फक्त क्लच दाबणारा पाय व दांडा ओढणारा हात यांत्रिक असतो. तिसरा प्रकार सीव्हीटीचा. ह्यात दोन कप्प्यांवरून पोलादी पट्टा फिरतो आणि कप्प्यांची रुंदी कमीजास्त होऊन गती बदलते. तिघांची रचना निराळी, तेल निराळे व रोगही निराळा. सीव्हीटीत भलतेच तेल घातले तर पट्टा घसरून पेटी निकामी होऊ शकते. म्हणून आपल्या यंत्रात कोणता प्रकार आहे, हे ज्यास ठाऊक नाही त्याने त्याच्या दुरुस्तीविषयी मत देऊ नये, आणि मालकास तर ते ठाऊक असलेच पाहिजे.

लक्षणे म्हणाल तर ती थोडीच आहेत, पण प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे. दांडा टाकल्यावर गिअर उशिरा पडणे हे बहुधा तेलाचा दाब कमी असल्याचे चिन्ह होय. तेल कमी असेल, गाळणी बुजली असेल, अथवा सीले झिजून दाब गळत असेल. ही तक्रार यंत्र तापल्यावर वाढत असेल तर दाबाचा संशय अधिक दृढ होतो. कारण तापलेले तेल पातळ होते आणि पातळ तेल बारीक फटींतूनही निसटते. एंजिनाचा आवाज चढतो पण चाकांची गती वाढत नाही, ह्यास घसरणे म्हणतात. हे दाब कमी झाल्याने होते किंवा प्लेटाच झिजल्याने होते, आणि तसेच चालवीत राहिल्यास पहिल्याचे दुसरे होते. गिअर धक्का देऊन पडणे हे दाब अकस्मात किंवा अधिक आल्याचे लक्षण. त्याचे मूळ पुष्कळदा झडपेत किंवा विजेच्या जोडणीत असते. टॉर्क कन्व्हर्टर असलेली मोटार एकसारख्या गतीने चालली असता खडबडीत रस्त्यावरून गेल्याप्रमाणे थरथरते, तेव्हा कन्व्हर्टरमधील क्लच पकडताना कंप पावत आहे असे समजावे. ह्याचे कारण अनेकदा जुने झालेले तेल असते. मोटार एकाच गिअरात अडकून राहिली व पुढ्यातील दिवा पेटला, तर ते बहुधा संगणकाने स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेले धोरण असते. पेटी मोडली असा त्याचा अर्थ नव्हे. एएमटीत गिअर बदलताना किंचित झोक जाणवणे हा तर रोगच नाही. तो त्या रचनेचा स्वभाव आहे. पण चढावर ब्रेक न लावता केवळ अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय असेल, तर आतील क्लचप्लेट जळते, आणि त्याचा दोष कारखान्यास देता येत नाही.

ह्या लक्षणांतून कारणाकडे जाण्याची एक साधी कसोटी आहे व ती प्रत्येक कास्तकाराने पाठ करावी. तक्रार सर्व गिअरांत सारखी असेल तर सर्वांस समान असलेल्या गोष्टीत दोष शोधावा. म्हणजे तेल, गाळणी, पंप व बॅटरी. तक्रार एकाच गिअरात किंवा एकाच दिशेस असेल तर केवळ त्या गिअरच्या मालकीच्या गोष्टीत शोधावा. म्हणजे त्याची झडप, त्याचे सील, त्याच्या प्लेटा. गावातील सर्वच विहिरींचे पाणी आटले तर पावसास विचारावे. एकाच विहिरीचे आटले तर तिच्या झऱ्यास विचारावे. आमच्या ट्रॅक्टरास पुढे व मागे दोन्हीकडे उशीर होत होता, एवढी एक गोष्ट कोणी ध्यानात घेतली असती तर नऊ दिवस वाचले असते.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे व बाहेरून आत असा असावा. पहिली पायरी तेलाची. सपाट जागी यंत्र उभे करून यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात सांगितले असेल त्याच रीतीने तेल मोजावे. कारण काही यंत्रांत ते एंजिन चालू व तेल गरम असता मोजावयाचे असते, काहींत एंजिन बंद ठेवून, आणि कित्येक नव्या मोटारींत तेल मोजण्याची काडीच नसते. तेल कमी असणे वाईट, तसे अधिक असणेही वाईट. अधिक तेलास फेस येतो आणि फेसास दाब नसतो. तेल काळपट होऊन करपट वास येत असेल तर प्लेटा तापल्या आहेत. ते दुधासारखे दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे. ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर उभा राहिला की दांड्याच्या फाटक्या रबरातून पाणी आत जाते. मोटारीत ते रेडिएटरमधील गळतीनेही जाते. खालच्या चुंबकाच्या बुचास बारीक करडी पूड लागलेली असणे स्वाभाविक आहे. धातूचे कपचे लागले असतील तर मात्र पेटी उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी पायरी विजेची. जेथे झडपा विजेने चालतात तेथे अशक्त बॅटरी म्हणजे अशक्त हात. एंजिन बंद असता चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि एंजिन चालू असता तो साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यावा. बॅटरीची टोके व सांगाड्यास जोडलेली अर्थिंगची तार घासून स्वच्छ करावी. ज्या वाड्यात हरभरा व तूर साठविली जाते तेथे उंदीर असावयाचेच, आणि त्यांस तारांवरील वेष्टन कुरतडण्याची खोड आहे; म्हणून तारांचा जुडगा हाताने चाचपून पाहावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने यंत्र धुताना विजेच्या जोडांवर फवारा मारू नये. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करावयाचे झाल्यास बॅटरीची तार आधी सोडावी, आणि संगणकाची जोडणी काढण्याविषयी पुस्तकात जे सांगितले असेल ते पाळावे. कारण वेल्डिंगच्या विजेने संगणक जळाल्यास ती हानी अकारण पदरी पडते.

तिसरी पायरी स्कॅनरची. मोटारीत पायाजवळच्या जागी एक जोड असतो. तेथे स्कॅनर लावला की संगणकाने नोंदविलेले दोष क्रमांकाच्या रूपाने दिसतात. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे, हे विसरू नये. उदाहरणार्थ, पी०७०० ह्या क्रमांकाचा अर्थ एवढाच की, गिअरच्या संगणकाने काही दोष टिपून ठेवला आहे. कोणता तो, हे पुढे त्या संगणकासच विचारावे लागते. केवळ हा क्रमांक पाहून ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणणे हे, दारावर कोणी हाक मारली एवढ्यावरून घरात चोर शिरला म्हणण्यासारखे आहे. एएमटीची क्लचप्लेट बदलल्यावरही स्कॅनरने यंत्रास नव्या प्लेटेची जागा शिकवावी लागते. ते न केल्यास नवी प्लेटही जुन्यासारखीच वागते, आणि मग दुसऱ्यांदा पेटी उघडली जाते.

चौथी पायरी दाब मोजण्याची. तेलक्लचच्या पेटीस दाबमापक जोडण्याच्या जागा ठेवलेल्या असतात. दाब सर्वत्र कमी निघाला तर पंपाकडे व गाळणीकडे जावे. एकाच चवडीचा कमी निघाला तर तिच्या सीलाकडे जावे. आणि दाब पूर्ण असूनही घसरत असेल, तर आणि तरच, प्लेटांवर आरोप ठेवावा. ह्या चार पायऱ्या संपल्यावर पाचवी पायरी उघडण्याची. बहुतेक ठिकाणी हीच पाचवी पायरी पहिली होते, असे आमच्या पाहण्यात आहे.

मोटार चालवून पाहावयाची तर वऱ्हाडात त्यासाठी जागाही उत्तम आहेत. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग घ्या. जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाच्या विक्रमाने ह्या रस्त्याचे नाव जगभर झाले. अशा सपाट रस्त्यावर एकसारख्या गतीने जाताना मोटार थरथरली, तर तो दोष रस्त्यावर ढकलता येत नाही. उलट, तापल्यावर घसरण्याची तक्रार पाहावयाची असेल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढावा. सपाटीवर लपलेला रोग तेथे उघडा पडतो. मात्र बरोबर जाणता मनुष्य असावा, आणि घसरण सुरू होताच गाडी बाजूस घेऊन थांबावे. ब्रेक दाबून एंजिनास पूर्ण जोर देण्याची जी एक परीक्षा मिस्त्री करतात, ती मालकाने स्वतः करू नये. काही क्षणांच्या चुकीने तेल करपते.

येथे कोणी म्हणेल की, हा सर्व उपदेश मिस्त्रींविरुद्ध आहे. तसे मुळीच नाही. आमच्या तालुक्याच्या गावांतील मिस्त्रींनी अत्यंत अपुऱ्या साधनांनी पिढ्यानपिढ्या आमची यंत्रे चालू ठेवली आहेत, हे उपकार आम्ही विसरत नाही. पण ज्याच्याजवळ दाबमापक नाही, स्कॅनर नाही, व त्या यंत्राचे दुरुस्तीचे पुस्तकही नाही, त्याने उघडून पाहण्यावाचून दुसरे काय करावे? त्याचे अज्ञान हे त्याच्या आळसाचे फळ नसून पुष्कळ अंशी कारखानदारांच्या मौनाचे फळ आहे. क्रमांकांचा अर्थ, दाबाचे आकडे, तारांचा नकाशा ही माहिती विक्रेत्याच्याच कारखान्यात कुलूपबंद ठेवली जाते. आणि तो कारखाना गावापासून पन्नास मैलांवर, त्याची पाळी पेरणी संपल्यावर.

ह्या बाबतीत सरकारास जाग आलेली आहे, हे समाधानाचे होय. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि तिने लक्ष घालावयाच्या चार क्षेत्रांत शेतीच्या अवजारांचा समावेश केला. त्याच वर्षी डिसेंबरात ह्या हक्कासाठी एक पोर्टलही उघडण्यात आले. तथापि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून, शेतीयंत्राच्या दुरुस्तीस लागणारी माहिती, सुटे भाग व साधने मालकास व स्वतंत्र मिस्त्रीस देणे कारखानदारांवर बंधनकारक केले, व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. तेथील मोठ्या शेतकऱ्यास जो हक्क कायद्याने मिळतो, तो येथील पंधरा-वीस एकरांच्या कास्तकारास अधिकच आवश्यक आहे. कारण त्याच्यापाशी दुसरा ट्रॅक्टर नसतो.

कारखानदारांचे ह्यावर असे म्हणणे असते की, अडाणी हातांनी अशा नाजूक पेट्या उघडल्यास त्या बिघडतात, अपघात होतात, आणि बोल कंपनीस लागतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. झडपांचा ठोकळा धुळीच्या ओसरीत सोडून बसावे असे आम्ही कोणासही सांगत नाही. वॉरंटी चालू असेल तर परक्या हाताने पेटी उघडू नये, असेच सांगतो. पण माहिती दडवून अडाणीपणा जात नाही, तो वाढतो. आम्ही मागतो तो पेटी उघडण्याचा अधिकार नसून, ती उघडण्याची गरज आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार होय. दाबाचे आकडे व क्रमांकांचे अर्थ मराठीत छापून दिल्याने कोणत्या पेटीस इजा होणार आहे?

मागणी करून स्वस्थ बसणे मात्र शोभणार नाही. आपल्या हाती आजच असलेली कामे अशी. प्रत्येक यंत्रामागे एक वही ठेवावी. तीत तासांच्या घड्याळाचा आकडा, तेल व गाळणी बदलल्याची तारीख, आणि तक्रार आल्यास ती थंड असता की तापल्यावर, कोणत्या गिअरात, पुढे की मागे, हे चालकाकडून त्याच दिवशी लिहवून घ्यावे. आपल्या ट्रॉलीच्या पाइपांच्या तोंडांस टोपणे लावावीत. दुसऱ्याची ट्रॉली जोडण्यापूर्वी जोड पुसावेत. पेटी उघडण्यास संमती देण्यापूर्वी मिस्त्रीकडून, काय तपासले व कशावरून हे अनुमान केले, ह्याच्या चार ओळी कागदावर घ्याव्यात, आणि काढलेले भाग परत मागून घ्यावेत. जो मिस्त्री खरा आहे त्यास ह्याचा राग येणार नाही.

एकट्याने न होणारे काम संस्थेने करावे. एक बऱ्यापैकी स्कॅनर व दाबमापकांचा एक संच घेणे प्रत्येक सभासदास परवडणारे नाही. पण तालुक्याच्या शाखेस किंवा शेतकरी उत्पादक कंपनीस ते जड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकून तरुण बाहेर पडतात. त्यांतील दोघांस ह्या नव्या पेट्यांचे शिक्षण द्यावे. सातपुड्यापलीकडे नर्मदाकाठी बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली कृषियंत्रांच्या प्रशिक्षणाची व परीक्षणाची केंद्रीय संस्था आहे. अकोल्यास आपल्याच कृषि विद्यापीठात कृषि-अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव धारण करणाऱ्या ह्या विद्यापीठाने दर चैत्रात दोन दिवसांचे यंत्रनिदान शिबिर अमरावतीस व अकोल्यास भरविल्यास त्या नावास ते साजेसेच होईल. चैत्रात अशासाठी की, रोग शोधावयाचा तो वैशाखाच्या उन्हात, मृगाच्या ढगांखाली नव्हे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. त्या उन्हात जी पेटी घसरली नाही ती पेरणीत दगा देण्याचा संभव थोडा.

शेवटी एवढेच लिहावयाचे की, यंत्र आपोआप गिअर टाकते म्हणून मालकाची जबाबदारी आपोआप संपत नाही. पूर्वी बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखणारी दृष्टी आपल्या घरात होती. ती दृष्टी बैलाबरोबर गेलेली नाही. ती वापराविना पडून आहे. उद्या आपला ट्रॅक्टर धुऱ्यावर वळताना क्षणभर अडला, तर कोणास हाक मारण्यापूर्वी एकदा मागे घेऊन पाहावे, तेलाची काडी पुसून पाहावी, आणि जे दिसले ते वहीत लिहावे. पेटी उघडण्याची वेळ आलीच तर ती अवश्य उघडावी. पण ती माहितीने उघडावी, घाईने उघडू नये.